मिशीवाली सून

काकूंचा मुलगा लष्कराच्या ट्रेनिंगला गेला, त्याला आठवडा झाला आणि त्याचे कपडे घरी परत आले. मुलगा तिकडे, कपडे इकडे. तिथली पद्धतच तशी. पोरं ज्या कपड्यांत येतात ते उतरवून घ्यायचे, खोक्यात भरायचे आणि घरी पाठवून द्यायचे. पुढचे अकरा आठवडे अंगावर फक्त गणवेश. पत्रकात हे छापलेलं होतं आणि काकूंच्या नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. तरी खोकं दारात आलं तेव्हा काकूंनी आधी दाराची चौकट धरली, मग खोकं धरलं.

काकू म्हणजे कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे म्हातारेही त्यांना काकूच म्हणतात. दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट, ब्लँकेटवर पांढरी चादर, एक जड इस्त्री, एक हलकी, आणि मागे हँगरला लटकलेली निम्म्या गल्लीची अब्रू. कोण बारीक झालंय, कोण सुटलंय, कोणाच्या कॉलरला कसला डाग आहे, हे सगळं काकूंना ठाऊक असतं आणि त्या ते कोणालाही सांगत नाहीत, म्हणजे एका वेळी एकालाच सांगतात. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं आहे. कपड्याची घडी बघून ती कोणाच्या हातची हे त्या सांगू शकतात, लोक अक्षर ओळखतात तसं.

खोक्यात वर पँट होती, खाली शर्ट. काकूंनी शर्ट बाहेर काढला आणि तशाच थांबल्या. घडी वहीएवढी. चारी कोपरे काटकोनात. बाह्या पाठीमागे अशा दुमडलेल्या की वरून शर्टाला बाह्या आहेत असं वाटूच नये. घडी उत्तम होती, त्यात वादच नाही, पण ती काकूंच्या हातची नव्हती आणि मुलाच्या हातची तर नव्हतीच, कारण एकोणीस वर्षांत त्या मुलानं रुमालाचीसुद्धा घडी घातली नव्हती. घरात स्वतः आई लाँड्रीवाली असताना त्यानं का घालावी?

"कोणीतरी घालून दिली असेल," नवरा म्हणाला.

"कोणी?"

नवऱ्यानं पेपर उघडला. तो बसडेपोत माईकवरून गाड्यांच्या सूचना देतो. दिवसभराचा आवाज तिथेच संपतो, घरी येईपर्यंत दोन-चार वाक्यं उरलेली असतात, तीही तो जपून वापरतो. काकूंनी शर्ट झटकला, घडी मोडली आणि पुन्हा आपल्या पद्धतीनं घातली. मग कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी परत काढून बघितला, आपलीच घडी आहे ना म्हणून.

उत्तर दुसऱ्या रविवारी आलं. तिथून आठवड्यातून एकदाच फोन करायला मिळतो, रांगेत उभं राहून, दहा मिनिटं. मुलाचा आवाज ऐकून काकूंना भरून आलं ते पहिलं अर्धं मिनिट. मग मुलगा म्हणाला की घडी त्यानंच घातली, उस्तादांनी शिकवली. उस्ताद म्हणजे त्यांच्या तुकडीला कवायत शिकवणारे. उस्ताद म्हणतात, ज्याची घडी सरळ त्याचं डोकं सरळ. उस्ताद म्हणतात, उशीला सुरकुती दिसली तर पूर्ण पलंग उलटा करीन. उस्ताद म्हणतात, पँटच्या घडीला आतल्या बाजूनं कोरडा साबण फिरवायचा आणि मग वरून इस्त्री मारायची, चार दिवस घडी हलत नाही.

"साबण?" काकू म्हणाल्या. "कोरडा?"

"तुला नाही माहीत?" मुलगा म्हणाला. अगदी निरागसपणे म्हणाला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे काकूंना नेमकं कुठे लागलं ते कळेल. हा मुलगा लहान होता तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'आमची आई म्हणते'नं सुरू व्हायचं. आमची आई म्हणते ओल्या केसांनी बाहेर जायचं नाही. आमची आई म्हणते तुमचा शर्ट टेरिलिनचा आहे, कॉटनचा नाही. शाळेत चिडवायचे, गल्लीत नकला करायचे, अगदी उंच झाला, गल्लीनं त्याचं नाव शिडी ठेवलं, तरी ते वाक्य सुटलं नाही. भरतीच्या मुलाखतीतसुद्धा सैन्यात का यायचंय असं विचारल्यावर तो म्हणाला होता, आमची आई म्हणते नको, पण मला यायचंय. निवड झाली ती बहुतेक त्याच वाक्यावर. आणि आता दहा मिनिटांत काकूंनी मोजलं होतं, उस्ताद म्हणतात चौदा वेळा, आई म्हणते एकदाही नाही.

बस, एवढंच काय ते. ट्रेनिंग संपलं की तो चार दिवस घरी येणार होता आणि मग लांब कुठेतरी जाणार होता. तेव्हा ते वाक्य आपलं असेल की त्या माणसाचं, काकूंना एवढंच हवं होतं. बाकी देशाचं रक्षण वगैरे त्याला हवं तितकं करू दे.

समोर बेकरी आहे. बेकरीवाला स्वभावानंच वाईट, म्हणजे गमत्या. त्याला हे कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो पाव देता देता म्हणाला, "काय काकू, सूनबाई काय म्हणतायत?"

काकूंना कळेना. मुलगा तर ट्रेनिंगला, सून कुठून आली?

"आता मुलगा दिवसभर जिच्याबद्दल बोलतो, जिच्या हातचं सगळं त्याला आवडतं, आणि आईचं चुकतं असं जिच्यामुळे वाटायला लागतं, तिला सूनच म्हणतात ना? ही फक्त मिशीवाली आहे."

उस्तादांना कोणी पाहिलेलं नव्हतं, मिशी बेकरीवाल्यानं स्वतःच्या पदरची लावली. पण नाव चिकटलं. काकूंनी त्या दिवशी पाव परत दिला आणि संध्याकाळी परत नेला, कारण दुसरी बेकरी लांब आहे.

त्याच आठवड्यात काकूंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नवऱ्याच्या एका पँटच्या डाव्या पायाला आतून साबण फिरवला. उजव्या पायाला नाही. तुलना व्हायला हवी म्हणून. वर इस्त्री मारली आणि नवऱ्याला ती पँट घालून कामावर पाठवलं, काही न सांगता. पहिल्या दिवशी दोन्ही पाय सारखे. दुसऱ्या दिवशी उजवा मऊ पडला. तिसऱ्या दिवशी उजवा पाय म्हणजे झोपेतून उठलेला माणूस आणि डावा म्हणजे नुकतंच लग्न ठरलेला. चौथ्या दिवशी डेपोतल्या एकानं नवऱ्याला विचारलं, तुमच्या पायाला काही झालंय का?

काकूंनी ती पँट हातात धरली आणि खिडकीशी बसल्या. चुकीचं निघालं असतं तर किती बरं झालं असतं. पुढच्या फोनला मुलाला हसत हसत सांगता आलं असतं, की अरे, साबणानं कापड पिवळं पडतं, तुझ्या त्या उस्तादांना सांग. पण घडी उभी होती. तीस वर्षं आपण हे काम करतोय आणि जो माणूस पोट भरायला इस्त्री करतसुद्धा नाही त्याला हे ठाऊक असावं, आणि आपल्या मुलानं ते आपल्याला शिकवावं, तेही फोनवरून, रांगेत उभं राहून!

त्या दिवसापासून त्या गुपचूप सगळ्यांच्या पँटना साबण लावू लागल्या. वरच्या मजल्यावरचा बँकेतला कॅशियर येऊन म्हणालाच, "काकू, हल्ली तुमच्या हाताला काहीतरी वेगळंच आलंय." काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा सुटे न मोजता गेला.

चौथ्या रविवारी काकूंनी एक डाव टाकला. फोन वाजला तेव्हा त्यांनी उचललाच नाही. नवऱ्याला खुणेनं उचलायला लावला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. विचार असा, की मुलगा पहिलं वाक्य विचारेल, आई कुठाय? मग आपण अर्ध्या मिनिटानं हात पुसत यायचं. नळ वाहत राहिला. बाहेरून नवऱ्याचं 'हं', 'बरं', 'अरे वा' ऐकू येत राहिलं. एकदा तर नवरा हसला, आणि तो हसतो तेव्हा तारीख लिहून ठेवावी लागते. काकू हात पुसून आल्या तेव्हा नवरा फोन खाली ठेवत होता. दहा मिनिटं संपली की तिथून फोन आपोआप तुटतो.

"काय म्हणाला?"

नवऱ्यानं घसा साफ केला आणि डेपोतल्या आवाजात सांगितलं. मुलगा सुखरूप आहे. मागच्या आठवड्यात दोरावरून चढायच्या भिंतीवरून पडला. फार लागलं नाही. उठून परत चढला. उस्तादांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. पुढचा फोन रविवारी.

"माझ्याबद्दल विचारलं?"

"विचारलं. मी म्हटलं कामात आहे. तो म्हणाला, बरं."

त्या 'बरं'नं काकूंचा पूर्ण आठवडा खाल्ला. आपला मुलगा पडला, आणि ते आपल्याला तिसऱ्याच्या तोंडून कळलं, तेही आपण नळाशी उभं राहून स्वतःच केलं! मंगळवारी कॅशियरच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री ठेवून त्या भिंतीचा विचार करत राहिल्या. किती उंच असेल? तळाशी काही मऊ घालतात की नाही? जळका वास आला तेव्हा शर्टाच्या खिशावर इस्त्रीच्या आकाराचं तपकिरी टोक उमटलेलं होतं. सतरा वर्षांनी पहिल्यांदा. बेकरीवाल्यानं समोरून वास घेतला आणि एवढंच विचारलं, "जळतंय का काही?" काकूंनी शटर ओढलं.

सहाव्या आठवड्यात पत्र आलं, पाकिटावर मुलाच्या नावाआधी त्याचा तिथला नंबर, सतरा. चार पानं. पहिल्या ओळीत आईला नमस्कार आणि मग पुढे चारही पानांत सूनबाईच. लांबच्या चालीत माझं पाणी संपलं, तर उस्तादांनी स्वतःच्या बाटलीतलं अर्धं मला दिलं, असं लिहिलं होतं आणि 'स्वतःच्या'खाली रेघ मारली होती. काकूंनी ते वाक्य नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं. दहा वर्षं शाळेला रोज सकाळी बाटली भरून कोणी दिली, झाकण गळतं म्हणून रबर कोणी बसवलं, हे कुठल्या पत्रात आलं का? कोणी रेघ मारली का? अर्धी बाटली पाणी पाजलं म्हणून एवढं, तर मग आम्ही इथे विहीरच खणली होती म्हणायची!

नवरा म्हणाला, "चांगला माणूस दिसतोय."

"चांगलाच आहे," काकू म्हणाल्या. "तेच तर."

उरलेले आठवडे काकूंनी फोन पहिल्या घंटेला उचलला, उस्ताद म्हणतात असं आलं की दात आवळून 'हो का' म्हटलं आणि शेवटच्या संचलनाला नेसायची साडी तीनदा इस्त्री केली. संचलन झालं की घरच्यांना मुलांना भेटता येतं आणि उस्तादही तिथे असतात. काकूंना तो माणूस एकदा डोळ्यांनी बघायचा होता. त्याच्या गणवेशावर एक तरी सुरकुती सापडेल, अशी त्यांना आशा होती.

चार तास बसचा प्रवास करून दोघं पोचले. मोठं मैदान, कडेला खुर्च्यांच्या रांगा, आणि मैदानात साठ पोरं, साठांच्या डोक्यावर सारखी टोपी, सारख्या खांद्यांवर सारखी बाही. काकूंनी आपला मुलगा शोधायला सुरुवात केली. चेहरे टोपीखाली. उंचीनं ओळखावं, तर उंच सगळे पुढे, आणि पुढे सगळेच शिड्या. मग त्यांनी पँटच्या घड्यांवरून ओळखायचं ठरवलं, तर साठांच्या एकशेवीस घड्या अशा उभ्या, की काकूंच्या तोंडून नकळत 'साबण' निघालं. शेवटी एकाला ओळखून त्यांनी जोरात हात हलवला. तो दुसराच निघाला. आपला त्याच्या पलीकडे दोन सोडून होता, हे नवऱ्यानं दाखवलं.

संचलन संपलं. मुलांना आपापली हत्यारं जमा करून यायला थोडा वेळ होता. कडेला चहाचं टेबल लावलं होतं. तिथे एक माणूस कप धरून उभा होता आणि जाणारी-येणारी पोरं त्याला उस्ताद म्हणत होती.

मिशी नव्हती. चेहरा साधा, चाळिशीचा, आवाज ओरडून ओरडून बसलेला, अगदी काकूंच्या नवऱ्यासारखा. काकूंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुरकुती नव्हती. त्या पुढे झाल्या, आपण कोणाच्या आई ते मुलाचं नाव घेऊन सांगितलं.

"अच्छा, अच्छा," उस्ताद म्हणाले. "छान मुलगा. फार छान."

तीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईला हा सूर नवा नव्हता. पावती हरवलेलं गिऱ्हाईक असंच बोलतं. तो निळा शर्ट हो, नेहमीचा.

"कोणता ते आठवतंय का?" काकूंनी विचारलं.

"तो... उंच."

"उंच तर अर्धे आहेत."

उस्तादांनी कप खाली ठेवला. मग खरं सांगितलं. नावं लक्षात राहत नाहीत, ताई. हे साठ गेले की पंधरा दिवसांत दुसरे साठ येतात. वर्षाला चार वेळा. सगळ्यांनाच शिकवतो, सगळ्यांवरच ओरडतो. नंबर सांगितलात तर कदाचित.

काकूंना काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही, त्यांना आनंद झाला. निखळ, दुकान बंद करून नाचावं असा. अकरा आठवडे ज्या सुनेच्या नावानं जीव जाळला, तिला आपला मुलगा ओळखताच येत नाही! त्यांना समोर बेकरीवाल्याचं तोंड दिसलं. त्याला काय काय सांगायचं तेही ठरलं.

आणि मैदानाच्या त्या टोकाकडून मुलगा निघाला. टोपी हातात, पावलं भराभर. आई आणि उस्ताद एकमेकांशी बोलताना त्याला दिसले होते आणि त्याचा चेहरा असा झाला होता की काकूंना लांबूनही दिसावा. बालवाडीत बाईंचा हात धरून तो आईला दाखवायला घेऊन आला होता, तेव्हाचा चेहरा. इतका उजळलेला, की बघणाऱ्याला भीती वाटावी.

यायला त्याला फार तर एक मिनिट लागणार होतं. काकूंना काहीच करायचं नव्हतं. नुसतं बाजूला उभं राहायचं. उस्ताद म्हणाले असते, कोण रे तू? आणि 'आमची आई म्हणते' हे वाक्य तिथल्या तिथे परत आलं असतं, कायमचं, ज्याचं होतं त्याच्याकडे. काकूंनी पदर घट्ट ओढला. शेजारी नवरा उभा होता. त्यानंही ऐकलं होतं.

"ऐका," काकू उस्तादांना म्हणाल्या. गिऱ्हाइकाला म्हणतात तशाच. "नंबर सतरा. तिसऱ्या आठवड्यात दोरावरून चढताना भिंतीवरून पडला आणि परत चढला. तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."

"हो, तो! पण चढलेले तर पाच-सहा जण—"

"तुमच्याच बाटलीतलं अर्धं पाणी तुम्ही त्याला दिलंत."

"ते मी सगळ्यांनाच देतो."

"ठाऊक आहे. त्याला सांगू नका."

उस्तादांनी काकूंकडे पाहिलं. ज्या माणसाच्या एका शब्दावर साठ पोरं वळतात, तो एक क्षण पाय जुळवून ताठ उभा राहिला. मग मान हलवली. तेवढ्यात मुलगा पोचला, आईच्या पायाशी अर्धा वाकला, अर्धा उस्तादांना सलाम करू लागला आणि त्यात टोपी पडली.

"सतरा नंबर," उस्ताद म्हणाले. बसलेल्या आवाजातही ते दणदणीत निघालं. "भिंतीवरून पडलास आणि परत चढलास, तो. तुझ्या आईला तेच सांगत होतो."

मुलाचे कान लाल झाले. "तुम्हाला लक्षात आहे, उस्ताद?"

"हे विसरतो होय कोणी?"

इथपर्यंत ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण चांगल्या माणसांचा त्रास हा, की ते थांबत नाहीत. उस्ताद पुढे झाले, मुलाची कॉलर सरळ केली, तिची दोन्ही टोकं बोटांनी हलकेच दाबली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की जाशील तिथे पत्र टाक. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी ते पाहिलं आणि मग त्या मैदानाकडे बघत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये मुलगा खिडकीशी बसला होता. चार तासांत तो थांबला नाही. साठ जणांत, आई, साठ जणांत! उस्ताद कोणाचं नाव लक्षात ठेवत नाहीत असं सगळे बोलायचे, आणि तू बघितलंस ना? बघितलं, काकू म्हणाल्या. काय म्हणाले ते परत सांग ना, मी यायच्या आधी काय म्हणाले? मग काकूंनी सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेवढंच, दुसऱ्यांदा थोडं वाढवून, आणि तिसऱ्यांदा तर उस्तादांनी मुलाबद्दल असं काही म्हटलं होतं, की ऐकून नवऱ्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. मुलगा खिडकीला डोकं टेकवून, ओठांतल्या ओठांत हसत झोपी गेला.

नवऱ्याकडे त्या दिवसाचं एक वाक्य उरलं होतं.

"फार जळलं?" त्यानं हळूच विचारलं.

"जळणारच," काकू म्हणाल्या. "नंबर मी सांगितला, भिंत मी सांगितली, पाणी मी सांगितलं. कॉलरचं कोणी सांगितलं होतं त्याला?"